एक आहे ना, मग आणखी कशाला?

मराठीच्या जुन्या शब्दकोशांत ‘काकवंध्या’ असा एक शब्द सापडतो. एक मूल झाल्यावर पुढे मूल न झालेली बाई, असा त्याचा अर्थ. कावळीला एकदाच वीण होते अशी समजूत होती, त्यावरून हा शब्द आला. म्हणजे बाईने एक मूल जन्माला घातलं तरी तिच्या कपाळावरचा ‘वंध्या’ हा शिक्का काही पुसला जात नाही, त्याला फक्त एक उपपद लागतं. आणि ज्या पुरुषाला एकाच मुलानंतर दुसरं झालं नाही त्याच्यासाठी शब्द शोधायला जावं, तर भाषेत तो नाहीच.

हा शब्द आज कोणी वापरत नाही. पण त्यामागची वृत्ती गेली असं म्हणता येत नाही. पहिलं मूल दोन-तीन वर्षांचं झालं की शेजारीपाजारी, नणंदा-जावा, ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, “आता दुसऱ्याचं काय?” हसून वेळ मारून नेणारी बाई घरी येऊन महिन्याचे दिवस मोजत असते हे विचारणारीला ठाऊक नसतं. आणि तिने कधी मन मोकळं करायचं ठरवलंच, तर तीच माणसं म्हणतात, “अगं, एक आहे ना! ज्यांना एकही नाही त्यांनी काय करायचं?” दुसरं हवं म्हणून टोचायचं आणि होत नाही म्हटलं की गप्प बसवायचं, अशा दोन दगडांमध्ये ही बाई सापडते. मूल नसलेल्यांच्या दुःखात तिला जागा नाही आणि लेकुरवाळ्यांच्या गप्पांत तिचं मन रमत नाही. दवाखान्याच्या बाकावर पहिल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईकडे शेजारची बाई ज्या नजरेने बघते, त्या नजरेचाही तिला त्रास होतो.

या अंकाचं संपादकीय तिच्यासाठी आहे. आपल्या चळवळीने मूल नको असण्याच्या हक्कासाठी मोठे लढे दिले. सक्तीची नसबंदी, बायकांना अंधारात ठेवून दिली जाणारी गर्भनिरोधक इंजेक्शनं, कायद्याने मिळालेला गर्भपात प्रत्यक्षात नाकारला जाणं, या सगळ्यांविरुद्ध आपण बोललो. मूल हवं असताना ते होण्यासाठी योग्य मदत मिळणं हा त्याच हक्काचा दुसरा भाग आहे. १९९४ साली कैरो इथे झालेल्या लोकसंख्या आणि विकास परिषदेने प्रजनन-आरोग्याच्या सेवांमध्ये वंध्यत्व टाळणं आणि त्यावर उपचार करणं या दोन्ही गोष्टी धरल्या होत्या. आपल्या सरकारी दवाखान्यांत मात्र नियोजनाचा विभाग हमखास असतो आणि मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईला कुठे पाठवायचं ते सांगणारं कोणी नसतं. जिला आधीच एक मूल आहे, तिचा तर प्रश्नच उद्भवत नाही असं मानलं जातं.

मुळात हा प्रकार दुर्मिळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात साधारण दर सहा प्रौढ माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. पूर्वी एकदा गर्भ राहिलेला असूनही, कोणतंही साधन न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवून गर्भ राहत नसेल तर त्याला दुय्यम वंध्यत्व म्हणतात. नाव ‘दुय्यम’ असलं तरी दुःख किंवा गुंतागुंत दुय्यम आहे असा त्याचा अर्थ नव्हे.

पहिलं सहज झालं, मग दुसऱ्याला का अडलं? हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बाई विचारते. उत्तर बहुतेक वेळा मधल्या काळात असतं. पहिलं मूल पंचविशीत झालं आणि दुसऱ्याचा विचार छत्तिसाव्या वर्षी केला, तर शरीर तेच राहिलेलं नसतं. घराचे हप्ते, बदली, पहिल्याची शाळा, सांभाळायला कोणी नसणं यांत वर्षं जातात, आणि पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि प्रत दोन्ही झपाट्याने कमी होतात. थायरॉइड, वाढलेलं वजन, बीजांडकोशाचे विकार, पिशवीतल्या गाठी यांपैकी काही मधल्या वर्षांत सुरू झालेलं असू शकतं.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे, कारण ते टाळता येण्यासारखं असतं. पहिल्या बाळंतपणात किंवा त्यानंतर झालेला जंतुसंसर्ग, अप्रशिक्षित हातांनी केलेला गर्भपात, गर्भ पडल्यावर पुन्हा पुन्हा केलेलं क्युरेटिंग, सिझेरियननंतर आत धरलेले चिकटे, यांमुळे गर्भनलिका बंद होऊ शकतात किंवा पिशवीचं अस्तर खराब होऊ शकतं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. योग्य वेळी, योग्य ठिकाणी केलेल्या सुरक्षित गर्भपातामुळे पुढे मूल व्हायचं थांबत नाही. तांबीमुळेही थांबत नाही. गर्भनिरोधक इंजेक्शन थांबवल्यावर पाळी आणि गर्भधारणा पूर्ववत व्हायला काही महिने जास्त लागू शकतात, पण त्याने कायमचं वंध्यत्व येत नाही. “तेव्हा पाडलंस, त्याची ही शिक्षा” असं कोणी म्हणालं तर ते खुशाल खोडून काढा. शिक्षा असलीच, तर ती बाईला सुरक्षित सेवा न देणाऱ्या व्यवस्थेने दिलेली आहे.

अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, संबंधाच्या वेळी वेदना होणं हे आपण वर्षानुवर्षं अंगावर काढतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के होत्या. त्यानंतर खेडोपाडी आशा आल्या आणि बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. तरी बाळंतपण आणि ऑपरेशन यांच्या पलीकडे बाईच्या शरीराची विचारपूस आजही फारशी होत नाही. तक्रारीकडे वेळेवर लक्ष न देता थेट पिशवी काढण्यापर्यंत मजल कशी जाते, हे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या बाबतीत २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. क्षयाचंही तसंच. गर्भाशयाचा आणि नलिकांचा क्षय अनेकदा काही लक्षण न दाखवता नलिका बंद करतो. खोकला नसला तरी हा क्षय असू शकतो. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात त्याची औषधं मोफत मिळतात.

आता पुरुषाकडे येऊ. तपासणीला बाई एकटी येते आणि नवरा फार तर गाडीवरून सोडून जातो. “पहिलं मूल माझंच आहे ना? मग माझ्यात काय दोष असणार?” हे वाक्य इतकं ठरलेलं आहे की डॉक्टरही कधी कधी ते मान्य करून टाकतात. वस्तुस्थिती अशी, की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडची बाजू, एकटी किंवा बाईच्या कारणासोबत, जबाबदार असते. पहिल्या मुलानंतर पाच-सात वर्षांत मधुमेह होऊ शकतो, तंबाखू आणि दारू वाढलेली असू शकते, अंडकोषाजवळच्या शिरा फुगलेल्या असू शकतात, भट्टीजवळच्या कामाने किंवा काही औषधांनी शुक्राणू कमी होऊ शकतात. वीर्यतपासणी ही सगळ्या तपासण्यांत सर्वांत सोपी, बिनदुखापतीची आणि बरीचशी स्वस्त तपासणी आहे. तरी ती सर्वांत शेवटी होते! तोवर बाईच्या नलिकांचा एक्स-रे झालेला असतो, दुर्बीण झालेली असते आणि सहा महिने बीज वाढवायच्या गोळ्या घेऊन झालेल्या असतात. म्हणून आपला आग्रह असा असावा की दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू होईल आणि वीर्यतपासणीचा कागद हातात आल्याशिवाय बाई कोणत्याही शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढणार नाही. निकाल खराब आला तर काही आठवड्यांनी ती तपासणी पुन्हा करावी लागते, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच-तीन महिने जातात.

मदत केव्हा घ्यावी? वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर वाट पाहून. पस्तिशीच्या पुढे सहा महिन्यांनी. चाळिशी गाठली असेल, पाळी फार अनियमित असेल, पूर्वी नलिकेत गर्भ राहिला असेल, क्षय किंवा ओटीपोटाचा जंतुसंसर्ग झाला असेल, तर वाट न पाहता. जाताना पहिल्या बाळंतपणाचे, सिझेरियनचे, गर्भपाताचे जे काही कागद असतील ते सगळे बरोबर न्या. पहिल्या मुलानंतर शरीरात काय काय झालं याची तारीखवार टिपणं लिहून काढा. डॉक्टरांना विचारा, ही तपासणी कशासाठी? तिने उपचारात काय फरक पडणार? औषध किती महिने द्यायचं आणि उपयोग झाला नाही तर पुढे काय? प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही. प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवा. डॉक्टर बदलला की तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात आणि खर्च दुप्पट होतो, तो त्याने वाचतो.

पण या सगळ्याआधी एक प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. दुसरं मूल कोणाला हवं आहे? पहिली मुलगी असेल तर या प्रश्नाला फार धार येते. “एक मुलगा झाला की सुटलीस” असं सांगत बाईला दवाखान्यामागून दवाखाने फिरवलं जातं. अशा वेळी तिचा उपचार हा तिचा हक्क राहत नाही, तिच्यावरची सक्ती होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मूल नसण्यावरून किंवा मुलगा नसण्यावरून केलेला अपमान आणि टोमणे यांची गणना भावनिक हिंसेत केलेली आहे, हे फार थोड्या बायकांना माहीत असतं. मूल होत नाही हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही, आणि पहिली बायको असताना दुसरी करणं हा गुन्हाच आहे, मग पहिलीची ‘संमती’ कागदावर घेतलेली असो वा नसो.

गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. १९८८ साली तो झाला आणि त्यामागे स्त्री-संघटनांची चळवळ होती. केंद्राचा कायदा १९९४ चा. २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेआधी लिंग निवडण्याच्या तंत्रांवरही बंदी आली आणि २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानेही ठरावीक लिंगाचं मूल देऊ करायला मनाई केली. म्हणून “पहिली मुलगी आहे, आता टेस्ट ट्यूबने मुलगाच करून देतो” असं कोणी सुचवलं तर तो गुन्हा आहे हे ओळखा. बुवाबाबांच्या बाबतीतही कायदा आपल्या बाजूने आहे. दैवी शक्तीने मूल होईल असं सांगून बाईचं लैंगिक शोषण करणं आणि पोटातल्या गर्भाचं लिंग बदलून देण्याचा दावा करणं, हे दोन्ही महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हे आहेत.

यातच एक बाई अशी आहे जिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. दोन मुलं झाली, ऑपरेशन झालं आणि नंतर एक मूल दगावलं. किंवा पहिला संसार मोडला आणि दुसऱ्या संसारात मूल हवंसं वाटलं. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के नसबंदीवर अवलंबून होत्या आणि पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के होतं. कुटुंबनियोजनाचा जवळजवळ सगळा भार बाईच्या नलिकांवर टाकला गेला. मग त्या पुन्हा जोडायची वेळ आली की यंत्रणेने हात झटकणं हा अन्याय आहे. अशी शस्त्रक्रिया होऊ शकते. तिला यश येईल की नाही हे बाईच्या वयावर, नलिका कुठे आणि किती कापल्या होत्या यावर अवलंबून असतं. पण जिला ती हवी, तिला जिल्ह्याच्या ठिकाणी निदान खरी माहिती तरी मिळाली पाहिजे.

१९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. केईएम हे महापालिकेचं रुग्णालय, हे इथे मुद्दाम लक्षात घ्यायचं. सार्वजनिक दवाखान्यात रुजलेलं हे तंत्र पुढे जवळजवळ सगळं खाजगी बाजारात गेलं. आज तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरही हसऱ्या बाळाचे फलक दिसतात. आयुष्मान भारत योजनेतून हे उपचार वगळलेले आहेत, म्हणून दागिने मोडून, कर्ज काढून ते केले जातात. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली आयव्हीएफची मोफत सोय सुरू झाली. गोव्याने जे केलं ते महाराष्ट्राला का जमू नये?

या बाजारात शिरताना काही गोष्टी माहीत हव्यात. एका फेरीत मूल होईलच असं नसतं, बहुतेकींना पहिल्या फेरीत अपयश येण्याचीच शक्यता अधिक असते आणि वय वाढतं तशी ती आणखी वाढते. हार्मोनच्या इंजेक्शनांनी बीजांडकोश फुगून जीवावर बेतू शकतं आणि जुळी-तिळी राहिली तर बाळंतपणाचा धोका वाढतो. २०२१ च्या कायद्यानुसार केंद्राची नोंदणी असायला हवी, लेखी संमती घ्यायला हवी, आणि यशाची शक्यता, धोके व खर्च समजावून सांगायला हवा. तक्रारीसाठीही तिथे सोय असायला हवी. बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ अशी मर्यादा आहे. आणि सरोगसीचा २०२१ चा कायदा, पहिलं मूल जिवंत असेल तर काही अपवाद वगळता सरोगसीची परवानगी देत नाही. गंभीर आजार किंवा अपंगत्व असलेलं मूल हा तो अपवाद. तेव्हा निरोगी मूल असलेल्या जोडप्याला “दुसऱ्यासाठी सरोगसी करून देऊ” असं सांगून पैसे मागणारा सरळ फसवतो आहे.

आपल्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या दिवशी वंध्यत्वाची ओपीडी असावी आणि तिथे जोडप्याने येणं हाच रिवाज असावा. वीर्यतपासणी, हार्मोनच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि नलिकांचा एक्स-रे तिथे मोफत व्हावा. बाळंतपणानंतरच्या आणि गर्भपातानंतरच्या जंतुसंसर्गाचा वेळेवर उपचार हा वंध्यत्व टाळण्याचाच कार्यक्रम मानावा. आणि “एक आहे ना” म्हणून कोणत्याही बाईला परत पाठवू नये.

त्याचबरोबर थांबण्याचा हक्कही तिचाच. आणखी एक तपासणी, आणखी एक फेरी, असं म्हणत म्हणत पाच वर्षं जातात आणि जे मूल घरात आहे त्याचं बालपण दवाखान्याच्या जिन्यांवर सरतं. “आता पुरे” असं म्हणणारी बाई हरलेली नसते. एकच मूल असणं ही उणीव नाही, ते एकलकोंडं आणि लाडावलेलं होतं ही भीतीही निराधार आहे. दत्तकाचा मार्गही खुला आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने घरात मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही, पण बाल न्याय कायद्याखाली ती घेता येते, हे अनेक सुशिक्षित घरांतही माहीत नसतं.

मैत्रिणींनो, आपल्या गटातल्या, वस्तीतल्या एखादीला हा त्रास असेल तर तिला सल्ल्याआधी सोबत द्या. तिच्याबरोबर दवाखान्यात जा, डॉक्टर बोलतील ते लिहून घ्या, तिच्या पहिल्या लेकराला त्या दिवशी आपल्या घरी जेवायला ठेवा. नवऱ्याशी बोलायचं असेल तर गटातल्या एखाद्या समजूतदार पुरुषाला पुढे करा, पुष्कळदा पुरुष पुरुषाचं ऐकतो. आणि हळदीकुंकवाला, बारशाला, गाडीतल्या डब्यात कोणी “आता दुसऱ्याचं काय?” असं विचारलं, तर त्या बाईला उत्तर द्यायला लावू नका. विषय तुम्ही बदला.